दाण्याचे पंधरा दिवस

त्या उन्हाळ्यात लातुरात टाक्या कोरड्या, बोअर कोरडे आणि नळाला आमची आठवण महिन्यातून एकदा यायची. साठत होते ते फक्त किस्से. आमच्या आठ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात कुणी भेटलं, की रिकामी घागर खाली ठेवून एक किस्सा सांगायचं आणि दोन ऐकून जायचं. त्यातले निम्मे आमच्या घरचे असायचे. आणि आमच्या घरचे सगळे एका मूठभर पिल्लाचे!

लोक हसायचे. मला मात्र तेव्हा झोप नव्हती. अंथरुणावर पडलं की एकच प्रश्न छातीवर येऊन बसायचा: मुदत संपली आणि पिल्लू परत पाठवावं लागलं, तर यशूला काय सांगायचं? यशू माझी मुलगी, पाच वर्षांची. मी एम.एस्सी., बी.एड. झाडं अन्न कसं तयार करतात ते मी झोपेतही समजावून सांगते. हे मात्र कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

माझा नवरा मिलिंद म्हणायचा, "अजून तेरा दिवस हायत. आत्तापासून कशाला जागतीस? शेवटच्या दिवशी एकदमच जाग!"

* * *

पिल्लू आलं ते पाण्याबरोबर.

आमच्याकडं टँकर आणायचे गौसभाई. शहराबाहेरच्या एका शेतातल्या विहिरीवर ते टँकर भरायचे. एका सकाळी पाइप सोडायच्या आधी त्यांनी केबिनमधून बुटांचा एक खोका काढला आणि थेट यशूच्या हातात दिला. आत पिल्लू! रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा, आणि आकारही त्याच्या फार पुढं गेलेला नाही.

"रख लेव भाभी. विहिरीवर कुत्रीनं सात दिले. छे जणांना घर मिळालं, येच एक बचा."

"नको हो गौसभाई. इथं माणसांना पाणी नाही."

"इत्तासा तो है! कित्ता पीता?"

मी तीन वेळा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना लक्षात आलं, की ते माझ्या ओढणीत झोपलंय.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून देशमाने काकांचा आवाज आला. काका निवृत्त नायब तहसीलदार आणि आमच्या बिल्डिंगचे चेअरमन. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे घेऊन जो ट्रक आला, त्या गठ्ठ्यांवर बसून काका आले होते. हे बिल्डिंगमधल्या प्रत्येक लेकराला पाठ होतं.

"पाण्याबरोबर हे काय उतरून राहिलंय?"

"कुत्र्याचं पिल्लू, काका."

"जिल्हा झाला तवापासून बघतोय, टंचाईत कुणी तोंडं वाढवत न्हाई!"

यशूनं माझ्या ओढणीतलं पिल्लू वर धरून दाखवलं. "पण काका, ह्याचं तोंड लई छोटं हाय."

काका खाली आले. चष्मा काढून पिल्लू बघितलं, चष्मा लावून पुन्हा बघितलं. मग उभ्या उभ्या हुकूम दिला, "पंधरा दिवसांची तात्पुरती मुदत. सोळाव्या दिवशी सुनावणी. मधी एक जरी लेखी तक्रार आली, तर ह्याच टँकरनं माघारी."

मिलिंद दोन बादल्या घेऊन जिना उतरत होता. त्याला फक्त शेवटचं ऐकू आलं. जागच्या जागी थांबून म्हणाला, "आता मी काय केलं?"

* * *

नाव यशूनंच ठेवलं: दाण्या. आता दाण्याला हाक मारली की यायला शिकवायचं होतं.

मी मोबाइलवर नऊ लेख वाचले. नऊही लेखांत लिहिलं होतं, की आवाज ठाम ठेवा आणि एकच शब्द वापरा. मी हॉलच्या मध्यभागी उभी राहून ठामपणे म्हणाले, "कम!" दाण्यानं माझ्याकडं बघितलं आणि चप्पल चावायला घेतली.

"असं बोलावलंस तर ते आधी अर्ज लिहील, मग यील," मिलिंद म्हणाला.

समोरच्या फ्लॅटमधल्या शोभाकाकू आल्या. त्या देगलूरच्या, त्यामुळं माया दाटून आली की तेलुगूत बोलतात. त्यांनी खाली बसून हात पसरले, "रा रा, चिन्ना, रा!" दाण्या हलला नाही. पाण्याचे कॅन पोचवायला आलेल्या गौसभाईंनी दारातूनच, "आ रे आ, शेर!" केलं. यशूनं, "यू यू यू!" केलं. मिलिंदनं शिट्टी मारली. पाच माणसं, चार भाषा आणि एक शिट्टी. दाण्या आपला चपलेत!

मी कंटाळून स्वयंपाकघरात गेले आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं. दाण्या चप्पल सोडून, शोभाकाकूंच्या मांडीवरून, गौसभाईंच्या पायांमधून, फरशीवर घसरत माझ्यापाशी हजर!

यशू म्हणाली, "आई, त्याला झाकणाची भाषा येती."

* * *

तिसऱ्या दिवशी काकांनी सुनावणीची रीतसर नोटीस काढली. 'विषय: फ्लॅट क्रमांक सहामधील श्वान-पिल्लाच्या वास्तव्याबाबत.' टाइप केलेली, शिक्क्यासह. आमचं दार बंद होतं म्हणून त्यांनी ती दाराखालून आत सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोच घ्यायला आले. "नोटीस मिळाली ना? सही द्या."

मी घरभर शोधलं. सोफ्याखाली एक ओला तुकडा सापडला. त्यावर फक्त 'बाबत' उरलं होतं.

काकांनी तो तुकडा उजेडात धरला. "सरकारी कागद कुणी खाल्ला?"

मिलिंद दाढी करता करता म्हणाला, "ज्याच्या बाबत होता त्यानं."

मी डोळे मिटले. गेलं पिल्लू, आजच गेलं! काकांनी खिशातून पेन काढून स्वतःच्या प्रतीवर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "नोटीस पक्षकाराने समक्ष स्वीकारली. तामील झाली."

जाताना म्हणाले, "छत्तीस वर्षांच्या नोकरीत नोटीस इतक्या आवडीनं कुणी घेतली न्हाई!"

* * *

आता जरा अवघड विषय. दाण्या दिवसातून अकरा वेळा करायचा. मी मोजलं होतं. काळजी करायची तर पुराव्यासकट करावी, असं माझं आहे.

लेख म्हणायचे, ती जागा भरपूर पाण्यानं धुवा. भरपूर पाण्यानं! आमच्याकडं भाजी धुतलेलं पाणी फरशीला जायचं आणि फरशीचं संडासात. त्या साखळीत दाण्याला जागाच नव्हती. शेवटी शिरूर अनंतपाळला सासूबाईंना फोन केला. मी त्यांना आत्या म्हणते.

"अगं, राख टाक की! पाणी कशाला नासतीस?"

"आत्या, आमच्याकडं गॅस आहे. राख कुठून आणू?"

"तेवढं शिकलीस, आन् घरात राख न्हाई!" म्हणून त्यांनी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी गावच्या एका माणसाबरोबर एसटीनं राख धाडली. पांढऱ्या धडप्यात घट्ट बांधलेलं गाठोडं. मिलिंद ते स्टँडवरून घेऊन आला. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरून, एकेक पायरी जपून चढत होता. दिवसभराच्या उन्हानं तोंड सुकलेलं.

जिन्यात शोभाकाकू. "भाऊ, काय आणलंत?"

"शिरूरहून राख आलीय," मिलिंद खालच्या आवाजात म्हणाला आणि वर आला.

अर्ध्या तासानं दार वाजलं. शोभाकाकूंच्या हातात झाकलेलं ताट, पिठलं आणि भाकरी. डोळे ओले. मागं देशमाने काका, हात जोडून. मी हातात फडकं घेऊन उभी.

काकांनी हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?"

मी म्हणाले, "आत्ताच, काका. सोफ्याखाली. सकाळपासून चौथ्यांदा."

तेवढ्यात मिलिंदचा फोन वाजला. त्याचे हात राखेचे, म्हणून त्यानं कोपरानं स्पीकर सुरू केला, आणि आत्यांचा खणखणीत आवाज घरभर घुमला, "काय रं, पुरली का राख? का अजून धाडू?"

शोभाकाकू मटकन सोफ्यावर बसल्या. हसावं की रागवावं, हे त्यांना दहा मिनिटं ठरवता आलं नाही. पिठलं मात्र त्यांनी परत नेलं नाही. दाण्यालाही आवडलं.

* * *

लस टोचायला दाण्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. टंचाईचे दिवस, त्यामुळं अंगणात म्हशी, बैल, शेळ्या आणि त्यांची थकलेली माणसं. माझ्या पुढं एक म्हैस, मागं दोन. मी पर्स पोटाशी धरून रांगेत.

डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "गाय का म्हैस?"

मी पर्सची चेन उघडली. दाण्यानं डोकं बाहेर काढलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सकाळपासून म्हशींच्या पोटात हात घालून राहिलोय, ताई. हे तर माझ्या हातात दिसणार पण न्हाई!"

औषधासाठी वजन हवं होतं. काटा मोठ्या जनावरांचा. दाण्याला ठेवलं तर काटा हललाच नाही. कंपाउंडर हुशार. म्हणाला, "ताई, तुम्ही त्याला घेऊन चढा. मग तुम्ही एकट्या चढा. वजाबाकी करू."

मी चढले. मागच्या म्हशीचे मालक पुढं सरकून काटा बघायला लागले. कंपाउंडरनं मोठ्यानं वाचलं. मी उतरले, पुन्हा चढले. त्यानं पुन्हा वाचलं, आणखी मोठ्यानं. म्हशीच्या मालकांनी सहानुभूतीनं मान हलवली. बाळंतपणानंतर पाच वर्षं मी जो आकडा मिलिंदपासून लपवला होता, तो आता सगळ्या तालुक्याला माहीत झाला होता.

घरी येऊन मिलिंदनं केसपेपर वाचला आणि खुर्चीतून घसरायचा राहिला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

'श्वान, नर. वय पस्तीस दिवस. वजन चौसष्ट किलो. प्रकृती उत्तम.'

* * *

एवढं सगळं होऊनही लेखी तक्रार एकही आली नव्हती. उलट दहाव्या दिवसापासून दाण्याचा भाव वाढला.

गौसभाईंचा टँकर दोन गल्ल्या लांब असतानाच दाण्याला कळायचं. तो गॅलरीत जाऊन कूं कूं करायचा, शेपटीसकट सगळा हलायचा. बरोबर पाच मिनिटांनी टँकर दारात! दोन दिवसांत बिल्डिंगला ते समजलं. दाण्या ओरडला, की आठही फ्लॅटमधून बादल्या, पाइप, घागरी खाली. शेजारच्या बिल्डिंगचे लोक अजून चपला शोधत असायचे, तोवर आमचा नंबर लागलेला. शोभाकाकू तर त्याला "आमचा वॉचमन" म्हणायला लागल्या. मला वाटलं, जिंकलो! त्या रात्री मी चक्क झोपले.

तेराव्या दिवशी दुपारी दाण्या असा ओरडला, असा ओरडला, की लोकांनी जेवणं सोडली. भर उन्हात सगळी बिल्डिंग गेटवर. काका सगळ्यात पुढं, हातात पितळेची घासून लखलखीत केलेली घागर.

गाडी वळली. दिसायला टँकरच. वास आधी आला. समोरच्या बिल्डिंगचा संडासाचा खड्डा उपसायला आलेली गाडी होती ती.

ड्रायव्हरनं खिडकीतून सगळी गर्दी बघितली, बादल्या बघितल्या, काकांची घागर बघितली. त्याला अगदी भरून आलं. म्हणाला, "वीस वर्षं हे काम करून राहिलो साहेब. स्वागताला कुणी कधी आलं न्हाई!"

सगळे हसले. काका सोडून. त्यांची घागर समोरच्या बिल्डिंगच्या चेअरमननं बघितली होती.

संध्याकाळी बोर्डावर लेखी तक्रार लागली. 'तक्रारदार: देशमाने.' खाली, 'अर्ज स्वीकारणार: देशमाने.' दोन्हीकडं वेगवेगळ्या पेनानं सही. आणि शेरा, 'निर्णय सोळाव्या दिवशी, सुनावणीत.'

* * *

सोळावा दिवस. संध्याकाळी पाणी उतरवून झाल्यावर पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. काका टेबलापाशी. गौसभाई रिकाम्या टँकरच्या पायरीवर बसलेले. दाण्याला न्यायचं ठरलं तर वाट नको बघायला. यशूच्या मांडीवर दाण्या, आणि दाण्याच्या तोंडात टेबलक्लॉथचं टोक.

निकाल आधीच सांगून टाकते, नाहीतर मीच पुन्हा जागी राहीन. कागदावर शेवटी लिहिलं गेलं ते, 'तूर्त जैसे थे.' पण काकांनी पेनाचं टोपण काढलं, तेव्हा त्याच कागदावर 'परत पाठवावे' असं लिहून झालेलं होतं. फक्त सही राहिली होती. मधल्या पाच मिनिटांत काय झालं ते ऐका.

काका मला म्हणाले, "लेकराला आधी नीट समजावून सांगा. मग सही करतो. लेकराच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला बघवत न्हाई."

पंधरा दिवस मी ह्याच भाषणाची तयारी करत होते. यशूच्या समोर गुडघ्यांवर बसले. आवाज मऊ ठेवला. नवव्या लेखात लिहिलं होतं, की पिल्लू जिथं जाणार आहे त्या जागेचं छान चित्र मुलांपुढं उभं करा.

"यशू, दाण्या जिथून आला ना, तिथं एक मोठी विहीर आहे."

"पाणी हाय तिच्यात?"

"आहे. म्हणून तर आपला टँकर भरतो."

"रोज?"

"रोज."

गौसभाईंना वाटलं, भाभीला मदत करावी. "मोटर चालू करे तो इत्ता मोठा पानी पडता, बेटा. हौद भर जाता. ह्याचे भाऊ-बहन हौदात उड्या मारतात."

"आणि त्याची आई तिथं आहे," मी म्हणाले. "ती त्याची वाट बघत असेल."

"आंब्याची झाडं हैं. दोपहर को भी थंडगार."

"हो. तिथं सावली आहे. वाटेल तेव्हा आंघोळ. भांड्यात पाणी मोजून द्यावं लागत नाही. खेळून खेळून मळला, तरी कुणी रागवत नाही."

माझी मलाच कमाल वाटत होती. इतकं चांगलं मी वर्गातसुद्धा कधी शिकवलं नव्हतं. शोभाकाकूंनी पदरानं मान पुसली आणि डोळे मिटले. मिलिंदनं गौसभाईंना हळूच विचारलं, "हौद किती खोल हाय?" आठवडा झाला होता, कुणी डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. काकांचं पेन तसंच हवेत, आणि नजर टँकरवर.

यशू रडली नाही. ओठसुद्धा काढला नाही. सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, झालं. समजलं तिला. उगाच पंधरा दिवस जीव टांगून ठेवला मी.

"मग बाळा? सांग बरं काकांना, काय करू या?"

यशू उठली. दाण्याला उचलून तिनं काकांच्या टेबलावर, त्या कागदावरच ठेवला. त्याचे कान सरळ केले. मग काकांना म्हणाली,

"काका, मग आपण समदे जाऊ की तिकडं. दाण्या थांबंल हितं, बिल्डिंग राखत."